सरव्याची बाजरी आणि तेरा महिन्यांची फाईल

मला गाता येत नाही. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीत हे कबूल करायला धीर लागतो, कारण आमच्याकडे घरटी एक तरी पेटीवाला नाहीतर तबलजी असतोच. मोठ्यानं प्रार्थनाही जमत नाही. दोन वाक्यांत आमेनवर येते. सत्तावीस वर्षं अनुदानित शाळेत लिपिक होते. सर्व्हिस बुकं, पगारबिलं, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि नंतर ते शालार्थचं, म्हणजे शिक्षकांच्या पगाराचं, ऑनलाइन. रविवारी कृपादानांवर प्रवचन झालं की मी मनात म्हणायचे, देवा, कुणाला गळा दिलास, कुणाला शिकवण्याची हातोटी, मला मात्र आवक-जावक रजिस्टर दिलंस.

हे लिहितेय ते एका कामाबद्दल, जे नोव्हेंबर 2024 मध्ये हातात घेतलं आणि डिसेंबर 2025 मध्ये सुटलं. काम साधं वाटलं होतं: नवऱ्याच्या मृत्यूची नोंद नसलेल्या एका विधवा बाईंना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे सुरू करून देणं. तुमच्या ओळखीत असं कुणी असेलच, म्हणून तारखांसकट लिहिते. बाईंना मी आत्या म्हणेन, मंडळीत सगळेच म्हणतात.

24 नोव्हेंबर 2024, रविवार. आदल्या दिवशी विधानसभेचा निकाल लागला होता, त्यामुळे उपासनेआधी बाहेर लिंबाखाली वेगळीच चर्चा. त्या दिवशी आमच्याकडे हंगामाची उपासना होती. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, भोपळे, केळीचा घड, मक्याची कणसं, पाय बांधलेला एक गावरान कोंबडा, तो नेमका उपदेशाच्या मध्येच आरवला. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या फंडात जातात. आत्यांनी पितळेच्या तांब्यातून बाजरी आणली होती. आत्यांना रान नाही हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं, कुठली हो बाजरी?

"सरवा येचला गं बाई. दोन पायल्या निघाल्या. त्यातला ह्यो देवाचा."

सरवा म्हणजे कापणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं. रूथची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो, बवाजाच्या शेतात ती सरवा वेचते. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितलंय की कोपऱ्यापर्यंत कापू नकोस, पेंढी विसरली तर परत आणायला जाऊ नकोस, ती परक्याची, अनाथाची, विधवेची. इथे उलटंच झालं होतं. विधवा सरव्यातूनही देवाचा वाटा काढत होती आणि आम्ही तो तांब्या लिलावात दोनशे रुपयांना घेतला, टाळ्या वाजवल्या आणि जेवायला बसलो.

जेवताना आत्या शेजारी आल्या. "बाई, तुम्ही हापिसात होत्या ना. मपलं एक काम व्हईल का?"

नवरा जून 2016 मध्ये गेलेला, घरीच, तापानं. दवाखान्याचा कागद नाही. ग्रामपंचायतीत नोंद नाही. आठ वर्षांत दोनदा त्यांनी निराधारचा फॉर्म आणला आणि दोन्ही वेळा 'पतीचा मृत्यू दाखला' या ओळीवर काम अडलं. कुणीतरी सांगितलं की कोर्टात जावं लागतं, वकील पाच हजार घेतो. तिथे त्यांनी नाद सोडला. लाडकी बहीणचे फॉर्म निघाले तेव्हा त्या मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला होत्या, परत आल्या तोवर मुदत गेली. एकच मुलगी, तिचं लग्न झालेलं. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1964, म्हणजे शाळा न पाहिलेल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो तीच.

मी म्हटलं, बघते. महिन्याभराचं काम आहे, असंही म्हटलं. इतका आत्मविश्वास लिपिकालाच असतो.

वहीतली नोंद

कोर्टाची गोष्ट अगदीच खोटी नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. मृत्यू 21 दिवसांत कळवला तर फुकट नोंद होते. वर्षाच्या आत असेल तर परवानगी आणि विलंब शुल्क. वर्ष उलटलं की कलम 13(3), आणि त्यासाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून हे काम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे व्यवहारात तहसीलदार. वकील लागत नाही.

26 नोव्हेंबरला आत्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी, गावात कुणी म्हणत नाही) चांगला माणूस होता. 2016 चं रजिस्टर आमच्यासमोर उघडलं, जून-जुलैची पानं दोनदा बोट फिरवून पाहिली. नोंद नव्हतीच. त्यांच्याकडून 'अनुपलब्धता प्रमाणपत्र' घ्यायचं असतं, म्हणजे शोध घेतला पण नोंद सापडली नाही असा दाखला. हा पहिला कागद. तो नसेल तर पुढची कुठलीही खिडकी उघडत नाही. आठवड्यानं मिळाला.

दुसरा कागद म्हणजे मृत्यू अमुक तारखेला झाला याचा पुरावा. तो आमच्याच मंडळीत होता.

पाळकसाहेबांनी कपाटातून दफनाची वही काढून दिली. लाल कापडी बांधणी, कोपरे वाळवीनं थोडे खाल्लेले. रकाने: नाव, वय, मरणाची तारीख, दफनाची तारीख, विधी कोणी केला. निळ्या शाईत, तेव्हाच्या पाळकांच्या तिरक्या अक्षरात, जून 2016, सगळं होतं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'ताप'. आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, कुठं हाय? मी ओळ दाखवली. त्यांनी शाईला बोट लावलं नाही. खालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवून बसल्या.

त्या रात्री कायद्याची पानं पुन्हा वाचताना कलम 10 दिसलं. मृत्यू कळवण्याची जबाबदारी कुणाकुणाची, याची ती यादी आहे. सुईण, दवाखाना हे अपेक्षितच. पण त्यात दफनभूमीचा मालक किंवा तिची व्यवस्था पाहणारा हाही आहे. म्हणजे आम्ही. दफनभूमी आमची, खड्डा आमच्या तरुण संघानं खणला, शवपेटीचा खर्च मंडळीनं केला, भोजनही दिलं, आणि ग्रामपंचायतीला एक ओळ कळवायची ती मात्र कुणी कळवली नाही. आठ वर्षं एक बाई ज्या कागदावाचून अडली होती, त्याचं मूळ आमच्या कपाटात बंद होतं.

त्यानंतर मला या कामाला सेवा म्हणायला जड जायला लागलं. ही तर थकबाकी होती.

दोन नावं

अडचण अशी की वहीतलं नाव बाप्तिस्म्याचं, बायबलमधलं. आणि रेशनकार्डावर, मतदार ओळखपत्रावर गावातलं. आमच्या भागात अशी दोन नावांची माणसं पुष्कळ. त्याला कारणं आहेत. काही हौसेची, काही 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाशी जोडलेली, ज्यात अनुसूचित जातींच्या यादीत ख्रिस्ती बसत नाहीत. तो विषय मोठा आहे, इथे नको. पण फाईलच्या दृष्टीनं बघितलं तर एक माणूस मेला होता आणि दुसऱ्याच्या बायकोला पेन्शन हवी होती.

सुटका लग्नाच्या रजिस्टरनं केली. ख्रिस्ती लग्नाची नोंद 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे होते, त्या रजिस्टरला कायद्याचं वजन आहे. दफनाची वही तशी मंडळीची खासगी. 1984 च्या त्या पानावर वराच्या नावात 'उर्फ' लिहिलेलं सापडलं. कोण पाळक होते देव जाणे, पण त्या एका 'उर्फ'साठी मी त्यांचे मनोमन आभार मानले. तुमच्याकडे असा प्रश्न असेल तर आधी दोन्ही नावं एकत्र असलेला कुठलाही जुना कागद शोधा: लग्नाची नोंद, शाळेचा दाखला, सोसायटीचं कर्जखातं, काहीही. नुसत्या 'दोन्ही व्यक्ती एकच' अशा प्रतिज्ञापत्रावर कुणाचं समाधान होत नाही.

प्रतिज्ञापत्रावरून आठवलं. इथे मी पाचशे रुपये वाया घालवले. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराचा स्टॅम्प जाऊन पाचशेचा झाला होता. तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्यानं सांगितलं, पाचशेचाच लागतो, आणि सत्तावीस वर्षं कागद हाताळलेल्या बाईनं तो निमूट घेतला. खरं तर सरकारी कार्यालयात आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ आहे. साधा कागद चालतो. हे मला नंतर कळलं. तुम्ही आधीच वाचताय, तर तेवढे पाचशे तुमचे.

9 डिसेंबरला तहसीलमध्ये अर्ज दिला. अनुपलब्धता प्रमाणपत्र, दफन नोंदीचा उतारा मंडळीच्या शिक्क्यासह, लग्नाच्या नोंदीचा उतारा, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदारांचे जबाब, रेशनकार्ड, आधार. शिक्का बघून टेबलावरच्या माणसानं विचारलं, हे ग्राह्य धरायचं का? आवाजात वाकडेपणा नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, कायद्यात दफनभूमीवाल्यानं कळवायचं असं आहे, मग त्याची वही पुरावा का नाही? त्यानं साहेबांना विचारलं आणि घेतलं. पोच मात्र मागून घ्यावी लागली. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही.

थांबलेले महिने

नाताळ गेला. 20 जानेवारी 2025, सोमवार, आम्ही पुन्हा गेलो. आत्या गावाहून एसटीनं आल्या, मी स्टँडवर भेटले. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे त्यांचं येणं-जाणं चाळीस रुपयांत होतं, आणि ते पैसे त्यांनी मला एकदाही देऊ दिले नाहीत.

फाईल हललेली नव्हती. वर शिधापत्रिकेची मूळ प्रत दाखवा म्हणाले आणि आत्या ती घरी विसरल्या होत्या. मी भडकले. तिथेच, लोकांसमोर. "दहादा सांगितलं होतं ना आत्या, पिशवी रिकामी करू नका म्हणून?" शाळेत मुलांवर ओरडायचा आवाज होता तो. आत्या काही बोलल्या नाहीत. जिन्याच्या खाली जाऊन बसल्या, साडीच्या दुकानाच्या त्या पिशवीतून फडकं काढलं, भाकरी-पिठलं मांडलं आणि म्हणाल्या, "खा आधी. उपाशी माणूस चिडतं."

त्याच आठवड्यात कळलं की उशिराच्या जन्म-मृत्यू नोंदींचं काम राज्यभर थांबवलंय. काही ठिकाणी बनावट दाखल्यांच्या तक्रारी झाल्या होत्या, चौकशी लागली होती. कारण समजण्यासारखं होतं, पण आत्यांना काय सांगू? त्यांना वाटलं मी रागावले म्हणून काम थांबलं. दोन रविवार त्या माझ्याशी जपून बोलत होत्या. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

लूकच्या शुभवर्तमानात एक विधवा आहे, अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाणारी. शेवटी तो म्हणतो, ही सारखी येऊन मला बेजार करील, त्यापेक्षा हिचा न्याय करून टाकतो. ही गोष्ट चिकाटीच्या प्रार्थनेबद्दल सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या वर्षी फेब्रुवारीत मला वेगळंच सुचत होतं. ती बाई रोज जात होती म्हणजे तिची रोजची मजुरी बुडत असणार. ती कुणी मोजली?

12 मार्च 2025 ला शासनाची नवी कार्यपद्धती आली. कागद वाढले. पोलिसांचा अहवाल, जाहीर प्रसिद्धी, हरकतींसाठी मुदत. आमची फाईल नव्या नियमांत बसवून 7 एप्रिलला पुन्हा दिली. पोलीस पाटील गावचेच, त्यांना मयत आठवत होते, मयताला ते खांदाही देऊन आले होते. हवालदार घरी आले तेव्हा आत्यांनी त्यांना खाट टाकून दिली आणि शेजारून साखर आणून चहा केला. जबाबात काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा, असं मी आधी बजावलं होतं. बरं झालं, 2016 चं 2015 झालं होतं. तिथेच दुरुस्त केलं. ते तसंच पुढे गेलं असतं तर आणखी चार महिने.

17 एप्रिलला तहसीलदारांपुढे म्हणणं मांडायला बोलावलं. पवित्र आठवड्यातला गुरुवार होता. पाच मिनिटांत आटपलं. साहेबांनी आत्यांना एवढंच विचारलं, इतकी वर्षं नोंद का केली नाही? आत्या म्हणाल्या, "पुरलं म्हंजी झालं, असं वाटलं." साहेब हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी लिहून घेतलं, 'अज्ञानामुळे'. मला बोलायची परवानगी असती तर मी सांगितलं असतं, साहेब, अज्ञान त्यांचं नाही, आमच्या कमिटीचं.

आदेश 23 जूनला निघाला. तो ग्रामपंचायतीत देऊन, विलंब शुल्क भरून, 4 जुलैला मृत्यू दाखला हातात आला. मी खूश. चार प्रती घेतल्या होत्या, लॅमिनेशन करू नका वगैरे सांगत होते. (खरंच करू नका, मूळ प्रतीचं लॅमिनेशन केलं तर काही ठिकाणी घेत नाहीत.) आत्या त्या कागदाकडे बघत होत्या. मग पदर डोळ्यांना लावला आणि रडायला लागल्या, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, नऊ वर्षांनंतर. "आता खरंच गेले," म्हणाल्या. मला हे सुचलंच नव्हतं. मी आठ महिने एक कागद मिळवत होते. त्यांच्या बाजूनं ते काय होतं हे मी विचारलं नव्हतं.

निराधारचा अर्ज

यापुढचं काम तुलनेनं सरळ, म्हणून भराभर सांगते. संजय गांधी निराधार योजनेत 65 वर्षांखालच्या निराधार विधवा बसतात. 65 च्या पुढे श्रावणबाळ योजना. किमान पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो, वयाचा पुरावा, मृत्यू दाखला आणि वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला. रक्कम जुलै 2023 पासून महिना 1,500. मुलगा मोठा असेल तर अडतं. फक्त मुली असतील आणि त्यांची लग्नं झाली असतील तरी लाभ मिळतो, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. आत्यांनाही नव्हतं. 'लेक हाय ना तुमाला' असं सांगून एकदा त्यांना परत पाठवलं होतं.

नोंद वेळेत झाली असती तर आणखी एक गोष्ट होती. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कर्ता माणूस साठीच्या आत गेला तर 20,000 रुपये एकरकमी मिळतात. त्याची मुदत केव्हाच उलटली होती. मी आत्यांना हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नाही, अजून ठरत नाही.

रहिवासी आणि उत्पन्न, दोन्ही दाखले सेतूतून. एकेका पावतीला सत्तरच्या आत. ऑगस्टमध्ये अर्ज पूर्ण झाला, पण उत्पन्नाच्या अहवालाला गावभेट बाकी होती, आणि सप्टेंबरमध्ये पाऊस कोसळला. ज्यांनी तो पाऊस पाहिलाय त्यांना सांगायला नको. बाजरी पाण्यात, कपाशी पाण्यात, घरांत पाणी. सगळे तलाठी पंचनाम्यांवर. त्या दिवसांत निराधारच्या फाईलसाठी फोन करायची मला लाज वाटली, आणि मी केला नाही. एका ओळखीच्या बाईंनी मला भाबडी ठरवलं. असेन. सरवा वेचायलाही त्या वर्षी आत्यांना काही मिळालं नाही.

अहवाल ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाला, समितीच्या बैठकीत महिन्याअखेर मंजुरी मिळाली. यादीत नाव आलंय हे आम्हाला कुणी कळवलं नाही, संगायोच्या टेबलावर जाऊन पाहिलं तेव्हा कळलं. संगायो हे तिथलं रोजचं नाव, 'संजय गांधी शाखा' म्हटलं की लोक वर बघतात.

मग शेवटचा गोंधळ. हप्ता आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. आत्यांच्या पासबुकात काही येईना. बँकेत म्हणाले, आधार लिंक आहे. आणि ते खरंही होतं. पण लिंक असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं. सरकारचे पैसे आधार ज्या एका खात्याला सीड केलेलं असतं तिथेच जातात, आणि कित्येकांच्या बाबतीत ते खातं त्यांना आठवतही नसतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, त्याला मोबाईल जोडलेला लागतो. बघितलं तर नाव दुसऱ्याच बँकेचं. खूप वेळ आत्यांना काही आठवेना, मग एकदम म्हणाल्या, "बचत गटाचं!" दहा वर्षांपूर्वी गटासाठी उघडलेलं खातं, पासबुक पत्र्याच्या पेटीत तळाशी. केवायसी करून ते जिवंत करायला नऊ दिवस लागले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पासबुक मशिनमध्ये घातलं आणि ती ओळ उमटली.

तेव्हा अर्ज करायच्या आधी, नंतर नव्हे, सीडिंग तपासा. मी शेवटी तपासलं.

हिशेब माझ्या वहीत आहे, लिपिकाची खोड. आत्यांच्या चौदा खेपांचे 560, वाया गेलेला स्टॅम्प 500, टायपिंग आणि नोटरी 300, झेरॉक्स-फोटो 230, सेतूच्या दोन पावत्या 138. एकूण 1,728. चहा धरलेला नाही. वरचे पैसे कुणालाही दिले नाहीत. एकदा सूचक बोलणं झालं, मी बहिरी झाले.

टेबल

मधल्या काळात एक गोष्ट आपोआप सुरू झाली. आमचं काम चाललंय हे कळल्यावर उपासना सुटली की लिंबाखाली कुणी ना कुणी कागद घेऊन थांबायला लागलं. मे महिन्यात संडे स्कूलचं एक टेबल बाहेर आणलं. मी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक दादा बसतो, बारा ते दीड. कमिटीत प्रश्न निघाला की फक्त मंडळीच्या लोकांचं करायचं का. पाळकसाहेबांनी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढला. रोजच्या वाटणीत काही विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सात माणसं नेमली, ती पंक्तीची सेवा करायला. ज्यांची कुरकुर होती त्या ग्रीक बोलणाऱ्या, म्हणजे जरा परक्या मानलेल्या. चर्चा तिथेच संपली. आता शेजारच्या वस्तीतल्या मुसलमान चाची येतात, वारीला जाणाऱ्या एक आजी येतात. आम्ही टेबलावर धर्मप्रचाराच्या पत्रिका ठेवत नाही, प्रार्थना कुणी मागितली तरच करतो. एकदा कमिटीतल्या एकांना फलकावर लावायला आत्यांचा फोटो हवा होता, दाखला धरून. आत्यांनी पदर तोंडावर ओढला. फोटो झाला नाही.

आणि दफनाच्या वहीत आता शेवटी एक रकाना वाढलाय: 'ग्रामपंचायत/नगरपालिकेस कळवल्याची तारीख'. पाळकसाहेब स्वतः भरतात. वही मागे उलटत गेलो तेव्हा गेल्या पंधरा वर्षांतल्या अकरा नोंदींपुढे तो रकाना कोराच राहणार असं दिसलं. त्या घरी जाऊन विचारायचं काम चालू आहे. चार घरं झालीत, दोन घरांत विधवा आहेत.

नाताळच्या आधीच्या रविवारी, 21 डिसेंबरला, आत्या टेबलापाशी आल्या. रुमालात पाचशेची नोट.

"त्या वाया गेलेल्या ष्टांपाचे."

मी म्हटलं, आत्या, ती चूक माझी होती, ते पैसे माझेच गेले पाहिजेत. त्या ऐकेनात. शेवटी दादांनी तोडगा काढला की ते झेरॉक्सच्या डब्यात टाकायचे. आत्यांनी टाकले, मग म्हणाल्या, मोड हाय का, परत जायला तिकिटाला वीस लागतील. डब्यातून वीस काढून दिले आणि वहीत लिहिले: जमा 500, खर्च 20.

रांगेत पुढे कोण होतं ते विचारलं, तर एक तरुण बाई होती, कडेवर मूल. आत्या जाता जाता तिच्याकडे वळल्या आणि विचारलं, "मालकाची नोंद झाली का गं?"